मोटारीचे टायर, ऋतू आणि हवेचा दाब



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत नाना विषयांचा ऊहापोह होतो. तेथे मोटारीच्या टायरांवर बोलावयास उभे राहणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु मुलाबाळांना बसवून आपण ज्या गाडीने गावाला निघतो, ती रस्त्याला टेकलेली असते फक्त चार ठिकाणी, आणि त्यातले प्रत्येक ठिकाण तळहाताहून फारसे मोठे नसते. ब्रेक उत्तम असोत, चालक निष्णात असो, शेवटी सारा भरवसा या चार तळहातांवर! तेव्हा त्यांचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही.

1888 साली डनलॉप या बेलफास्टमधील पशुवैद्याने हवेच्या टायराचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्याने ही युक्ती केली होती. त्यानंतर टायरात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण एक गोष्ट तशीच राहिली. गाडीचा भार मुख्यतः पेलते ती आत कोंडलेली हवा; रबराचे काम ती हवा धरून ठेवण्याचे आणि रस्ता पकडण्याचे. म्हणजे प्रश्न दोन झाले: रबर कोणते घ्यावे आणि हवा किती ठेवावी.

पहिला प्रश्न थंड देशांत फार महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांना तो दरवर्षी पडतो. उन्हाळी टायराचे रबर थंडीत कडक होते व त्याची पकड सुटते. हिवाळी टायराचे रबर थंडीतही मऊ राहते, पण तेच उन्हाळ्यात लवकर झिजते. सुमारे 7 अंश सेल्सियस ही या दोहोंमधली ढोबळ सीमा मानतात. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे ऑल-सीझन, आपण त्याला बारमाही टायर म्हणू. मधल्या मार्गाचे गुण आणि दोष दोन्ही त्यात आहेत. शहरात राहणारा, बेताचा प्रवास करणारा आणि जेथे बर्फ क्वचित पडते अशा भागातला माणूस तो सुखाने वापरू शकतो. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत ज्याचे घर आहे त्याने मात्र हिवाळी टायरच घ्यावेत.

निवड करताना नावावर जाऊ नये, खूण पाहावी. टायरावर ‘एम अधिक एस’ ही अक्षरे असली तर ती चिखल व बर्फ यांविषयी उत्पादकाने स्वतः दिलेली ग्वाही समजावी. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण मात्र बर्फावरची ठराविक चाचणी उतरल्यावाचून मिळत नाही. जर्मनीत बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर योग्य टायर असण्याची सक्ती आहेच. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यासाठी ही डोंगराची खूणच ग्राह्य धरली जाते.

आता हवा. 2000 साली अमेरिकेत एका प्रसिद्ध कंपनीचे लाखो टायर परत मागवावे लागले. टायरांची वरची पट्टी सुटून गाड्या उलटल्या होत्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. त्याच वर्षी तेथे कायदा झाला, आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याचे सांगणारा दिवा सक्तीचा झाला. युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींना तोच नियम लागू झाला.

हा दिवा दोन रीतींनी पेटतो. एका रीतीत चाकाच्या आत छोटे यंत्र असते. ते दाब मोजून बिनतारी संदेश पाठवते. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. दुसऱ्या रीतीत दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते व इतरांहून जलद फिरते, त्या फरकावरून अनुमान काढले जाते. येथे हवा भरल्यावर यंत्रास ‘आता हाच योग्य दाब’ असे बटण दाबून शिकवावे लागते. चुकीच्या दाबावर शिकवले, तर शिष्य तीच चूक इमानाने पाळतो!

थंडीच्या पहिल्या पहाटे हा दिवा पेटला, तर घाबरून जाऊ नये. 25 अंशांवर 33 पौंड भरलेली हवा उणे 5 अंशांवर सुमारे 28 पौंड भरते. त्यात दोन महिन्यांत सहज झिरपलेले दोन-तीन पौंड वजा करा, म्हणजे दिवा का पेटला ते कळेल. पंक्चर नाही, केवळ ऋतू बदलला. पण म्हणून दुर्लक्ष मात्र करू नये. हवा भरलीच पाहिजे.

आमच्याकडे बर्फ नाही, मग आम्हांस काय त्याचे, असे कोणी विचारील. आमच्याकडे ऊन आहे. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तरीही पुष्कळ जण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. उन्हाने हवा फुगेल, टायर फुटेल, ही त्यामागची समजूत. ती नेमकी उलटी आहे. कमी हवेच्या टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडते, दुमडण्याने उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने आतले थर सुटू लागतात. तापल्यावर वाढणारा दाब कंपनीने हिशेबात धरलेलाच असतो. म्हणून तापलेल्या टायराची हवा काढू नये.

करावयाचे एवढेच: चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब पाहावा, महिन्यातून एकदा आणि लांब प्रवासापूर्वी, गाडी थंड असताना गेजने हवा मोजावी, त्या वेळी पाचवे, जादा चाकही विसरू नये. दिवा पेटतो तो हवा बरीच उतरल्यावर. तो पेटला नाही म्हणजे सारे ठीक, असे नव्हे. दिवा हा पहारेकरी आहे; घराची काळजी घरधन्यानेच घ्यावयाची असते.