दिसायला जुळे, नात्याने परके

'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात भुतामागे निघालेल्या राजपुत्राला सोबती धरून ठेवतात. जो मला 'लेट' करील त्याचेच भूत करीन, असे तो बजावतो. 'लेट' म्हणजे 'करू देणे' असे धरून मी हा प्रसंग वर्षभर उलटाच समजत होतो! येथील 'लेट' म्हणजे अडविणे. जुन्या इंग्रजीत 'अडविणे' आणि 'जाऊ देणे' या अर्थांची दोन वेगळी क्रियापदे होती. झिजता झिजता ती एकरूप झाली, मग एकाला मागे सरणे भागच होते. तरी टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की पुकारतात तो 'लेट' हाच. आपल्या पासपोर्टवरील विनंतीतही तो जिवंत आहे.

यॉर्क शहरात स्टोनगेट, मिकलगेट असे रस्ते आहेत. हे 'गेट' दरवाजा नव्हे. व्हायकिंगांनी आणलेला, रस्ता या अर्थाचा तो शब्द. खऱ्या वेशींना तेथे 'बार' म्हणतात!

यॉर्कशरच्या बोलीत 'लेक' म्हणजे खेळणे. सरोवराचे 'लेक' लॅटिनकडचे, हे नॉर्सकडचे. (आपल्या लेकीशी दोघांचेही नाते नाही.) पण गिरणी बंद पडून कामगार घरी बसला, तरी तो 'लेकिंग' करतो असेच म्हणत. इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८-१९०५) रचणारा जोसेफ राइट लहानपणी तेथल्याच गिरणीत राबला होता. वयाच्या १५व्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. हा शब्द त्याला कोणाला विचारावा लागला नसेल.