पाडलेल्या गोव्यातून बांधलेली पणजी

जुने चिरे, जुनं लाकूड वापरून बाजारपेठेत नवं दुकान बांधायचं म्हटलं, की अनेकांना ती परदेशी टूम वाटते. पण आपली पणजी काही अंशी अशीच उभी राहिली. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आले, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. याच काळात तिकडचा व्हाइसरॉयचा राजवाडा आणि इन्क्विझिशनची इमारत पाडून त्यांचं सामान पणजीतल्या बांधकामांना वापरलं गेलं. ऑगस्टिनियन चर्चची घंटासुद्धा आग्वादच्या दीपगृहात काही वर्षं काढून १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली.

हे जमलं ते चुन्यामुळे. चुना चिऱ्यापेक्षा मऊ, त्यामुळे भिंत उतरवताना सांधा सुटतो आणि चिरा अख्खा हाती येतो. सिमेंट मात्र असं धरून बसतं, की सांध्याआधी चिराच फुटतो. शिवाय खाणीतून काढलेला चिरा वाऱ्याला लागून टणक होत जातो. म्हणजे जुना चिरा मुरलेला असतो. तो पुन्हा वापरला, तर सड्यावर तेवढी खोदाई कमी.

दुकानाला समोरून मोकळी जागा लागते. तिथे भार लोखंडी सांगाड्यावर घ्यावा आणि चिरे मधल्या भिंतींना वापरावेत, तेही चुन्यातच. ओलीने खाल्लेले चिरे भाराच्या भिंतीला नकोत. अंगणाच्या फरसबंदीला चालतील. वाळवी न लागलेले वासे छपराला, आखूड तुकडे फळ्यांना नि गल्ल्याला. मंगळुरी कौलं वाजवून बघावीत. खणखणीत वाजली तर ठेवावीत.

मात्र एक गोष्ट विसरू नये. पणजीला मिळालेलं सामान जुन्या गोव्याने गमावलेलं होतं. त्या राजवाड्याचं नाव राहिलं, राजवाडा राहिला नाही. म्हणून जुनं सामान कामाला येतं, हे पाडापाडीचं निमित्त होऊ नये. दुरुस्ती होत असेल तर आधी दुरुस्तीच. अगदीच इलाज नसेल, तर मशीन लावण्याऐवजी हाताने उतरवावं, आणि त्याआधी मोजमापं, फोटो घेऊन ठेवावेत. चिरा दुसऱ्या भिंतीत गेला, की तो कुठून आला हे फक्त कागदच सांगू शकतो.