स्क्रिप्ट लिहिली म्हणजे झालं? रॅममधल्या क्लस्टरविषयीचे सहा गैरसमज

दिवाळी जवळ आली की हैदराबादच्या विद्यानगरातल्या मराठी घरांत नांदेड, परभणी, जालन्याच्या तिकिटांची धांदल सुरू होते. तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडतं. त्या क्षणी अख्खा देश एकाच संकेतस्थळावर धडकतो. हा लोंढा पेलण्यासाठी रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने २०१४ मध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आणली. मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. या यंत्रणेत 'जेमफायर' हे उत्पादन वापरलं होतं. ते अनेक यंत्रांच्या रॅममध्ये मिळून माहिती ठेवतं. त्याचाच मुक्त अवतार म्हणजे २०१५ मध्ये अपाचेकडे आलेलं 'जिओड'.

उस्मानिया विद्यापीठातून बाहेर पडून हायटेक सिटीत नोकरी धरणाऱ्या मुलांच्या वाट्याला यंत्रांचे असे समूह, म्हणजे क्लस्टर, उभारण्याचं काम येतं. ते हाताने न करता ऑटोमेशनने करावं, यावर सर्वांचं एकमत असतं. ऑटोमेशन नेमकं काय करतं, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १: क्लस्टर आला की डेटाबेस निवृत्त झाला.
वस्तुस्थिती: बर्थ कोणाच्या नावावर, हे आजही रेल्वेच्या आरक्षण प्रणालीतच ठरतं. तिची केंद्रं पाच: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि विद्यानगरपासून लोकलने हाकेच्या अंतरावरचं सिकंदराबाद. रॅममधला क्लस्टर पुन्हा पुन्हा विचारली जाणारी माहिती झटकन पुरवतो आणि मूळ डेटाबेसवरची गर्दी हटवतो. म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी ठरवायचं ते हे: कोणती माहिती रॅममध्ये राहील आणि तिचा मूळ मालक कोण?

गैरसमज २: अनेक यंत्रं आहेत, म्हणजे माहितीच्या प्रतीही आहेत.
वस्तुस्थिती: जिओडमध्ये विभागून ठेवलेल्या माहितीच्या जादा प्रतींची मूळ संख्या शून्य असते. काही सांगितलं नाही, तर एक यंत्र बंद पडताच त्याच्या वाट्याची माहिती रॅममधून गेली. जादा प्रत हवी, ती दुसऱ्या यंत्रावरच हवी, डिस्कवरही लिहायला हवी, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर चालत असतील, तर दुसरी अट विसरणं महागात पडतं.

गैरसमज ३: एकामागून एक सर्व्हर सुरू करणारी शेल स्क्रिप्ट म्हणजे ऑटोमेशन.
वस्तुस्थिती: आधी लोकेटर उठतो, मग सर्व्हर. सर्व्हरना एकमेकांचा पत्ता आणि सामाईक कॉन्फिगरेशन लोकेटर देतो. एकच लोकेटर असेल तर तो पडल्यावर नव्या सर्व्हरला दार उघडणारं कोणी उरत नाही, म्हणून निदान दोन ठेवतात. इथवर क्रम उपयोगी. पण डिस्कवर माहिती साठवणारे सर्व्हर सगळे बंद झाल्यावर पुन्हा सुरू करताना हाच क्रम घात करतो. पहिला सर्व्हर उठतो, 'माझ्यापेक्षा ताजी माहिती दुसऱ्याकडे असेल' म्हणून त्याची वाट पाहतो. स्क्रिप्ट पहिला तयार होण्याची वाट पाहते, त्यामुळे दुसऱ्याला उठवतच नाही. दोघेही ताटकळतात. असे सर्व्हर एकदमच सुरू करायचे असतात.

दुसरा भेद पुनरावृत्तीचा. साधी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की तेच फोल्डर, तेच रीजन (जिओडमधला माहितीचा कप्पा) पुन्हा तयार करायला जाते आणि अडखळते. ॲन्सिबलसारख्या साधनात आज्ञांऐवजी अपेक्षित स्थिती लिहितात. यंत्र आधीच त्या स्थितीत असेल, तर काही बदलत नाही.

गैरसमज ४: रॅम जितकी जास्त दिली तितकं चांगलं.
वस्तुस्थिती: जिओड जावावर चालतं. जावा अधूनमधून निकामी वस्तू रॅममधून काढते आणि ढीग मोठा असेल तर तेवढा वेळ सगळं काम थांबू शकतं. इकडे सदस्याने उत्तर देण्याची मूळ मुदत ५ सेकंद. थांबा त्याहून लांबला, तर जिवंत सर्व्हरलाही बाकीचे मृत समजून बाहेर काढतात. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी रॅम शिल्लक ठेवणं, जावाची किमान आणि कमाल मर्यादा सारखी ठेवणं आणि खऱ्या भाराखाली हे आकडे तपासणं, हे काम माणसाचंच.

गैरसमज ५: नवं यंत्र जोडलं की भार आपोआप वाटला जातो.
वस्तुस्थिती: जिओड माहिती बादल्यांमध्ये विभागतं. त्यांची मूळ संख्या ११३ असते आणि चालू रीजनमध्ये ती बदलता येत नाही. नवा सर्व्हर आला म्हणून जुन्यांकडच्या बादल्या त्याच्याकडे सरकत नाहीत. पंगतीत नवा पाट मांडला तरी वाढलेली ताटं जागची हलत नाहीत, तसंच. त्यासाठी 'जीफिश' या आज्ञा-साधनातून रिबॅलन्स चालवावं लागतं. सर्व्हर जोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही पायरी नसेल, तर नव्या यंत्राचं भाडं भरलं जातं आणि जुनी यंत्रं घामाघूम होतात. रिबॅलन्सलाही मेहनत लागते, म्हणून ते तत्काळच्या वेळेत चालवत नाहीत.

गैरसमज ६: ऑटोमेशनने चुका संपतात.
वस्तुस्थिती: चूक हाताने झाली तर एका यंत्रावर होते, ऑटोमेशनने झाली तर सर्वांवर. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच आज्ञा दिली, पण तिच्यात एक मूल्य चुकलं. हवे होते त्याहून खूप जास्त सर्व्हर बाजूला झाले आणि असंख्य संकेतस्थळं काही तास ठप्प झाली. त्यानंतर ॲमेझॉनने त्या साधनाला मर्यादा घातली. तीच शिस्त इथेही लागते: बदल एकेका यंत्रावर करायचा, तिथलं आरोग्य तपासायचं, मगच पुढचं यंत्र.

थोडक्यात, ऑटोमेशन निर्णय घेत नाही, घेतलेला निर्णय न थकता राबवतं. प्रती किती, कोण आधी उठणार, रॅम किती, हे ठरवलंच नसेल, तर साधन मूळ मूल्यं उचलून गप्प बसतं. तुमचं ऑटोमेशन खरं आहे का, याची कसोटी सोपी आहे. चाचणीचा क्लस्टर पूर्ण पुसून टाका आणि तो कधीच न उभारलेल्या सहकाऱ्याला फक्त फाइली द्या. त्याला तुम्हाला एकही फोन करावा लागला, तर त्या फोनचं उत्तर अजून फाइलीत लिहायचं राहिलं आहे.