रुमाल टाकून धरलेली जागा

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी गाठ पडते ती थेंब घालणाऱ्या सिस्टरशी. "काका, डोळे मिटून बसा, झोंबेल थोडं." अर्ध्या तासानं मी डोळे उघडले, तर खिडकीतलं ऊन अंगावर धावून आलं आणि मोबाइलवर घरचा नंबरही वाचता येईना. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तुम्हालाही दिसेनासं झालं का हो?"

थेंब ट्रॉपिकामाइडचे होते. औषध कारखान्यातलं, पण त्याच्या रेणूचा एक तुकडा ॲट्रोपिनच्या घराण्यातला. आणि ॲट्रोपिनचं गोत्र उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यापर्यंत जातं. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात तोच, कर्ण्यासारख्या फुलाचा आणि काटेरी फळाचा. वांगं, मिरची, बटाटा ही त्याची सख्खी भावकी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ठेवलेलं 'दतुरा' हे नावही आपल्याच 'धत्तूर'वरून आलेलं. युरोपात बाहुली मोठी करण्याचं हेच काम बेलाडोना ही वनस्पती करत आली. तिचा रस डोळ्यांत घालून बायका बाहुल्या टपोऱ्या करून घेत, म्हणून नाव पडलं 'सुंदर स्त्री'. 1831 साली माइन नावाच्या जर्मन औषधविक्रेत्यानं तिच्या मुळांतून ॲट्रोपिन वेगळं काढलं.

आपल्याकडे धोतऱ्याचा लौकिक मात्र चोरांमुळे. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं त्याची हकीकत दिली आहे. घरातले नोकर जेवणात धोतरा कालवतात, खाणारा भान हरपून हसत बसतो आणि डोळ्यांदेखत दागिने नेऊ देतो. याच झाडाची पानं दम्यावर जाळून ओढत. दम्यावरच्या आयुर्वेदिक कनकासवातलं 'कनक' म्हणजे सोनं नव्हे, धोतराच.

हसवणं, बाहुली मोठी करणं, दम्याला उतार पाडणं ही कामं वरवर एकमेकांशी फटकून असलेली दिसतात. पण ती एकाच जागी होतात. ती जागा समजायला एसटीची आठवण पुरे.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या सुटतो. समोरच्या पेशीवर त्याच्यासाठी आसनं असतात. तो बसला की लाळ सुटते, घाम येतो, आतडं हलतं, बाहुली लहान होते, हृदय सावकाश चालतं. काम झालं की एक विकर कंडक्टरसारखं येऊन त्याला उतरवतं. ॲट्रोपिन काय करतं, तर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं. स्वतः काहीच करत नाही, निरोप्याला बसू देत नाही, एवढंच. मग तोंडाला कोरड पडते, घाम थांबतो, बाहुली मोठी होते, छातीची धडधड वाढते. मेंदूतल्या जागाही गेल्या की भ्रम. पोटात मुरडा आल्यावर टोचतात ते हायोसिन, दम्याच्या पंपातलं इप्राट्रोपियम, भूल देताना वापरायचं ग्लायकोपायरोलेट, सगळे रुमालच. कोणता कुठल्या गाडीत टाकायचा, एवढाच फरक.

विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा, हे वाक्य आपण फार सहज फेकतो. मला ते अर्धवट वाटतं. ॲट्रोपिनच्या नेहमीच्या एका ॲम्प्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध असतं. धडधाकट माणसाला 10 मिलिग्रॅम दिलं, तर तो बरळू लागेल. पण ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकानं विषबाधा झालेला शेतकरी तालुक्याच्या दवाखान्यात येतो, तेव्हा सुरुवातच तीन ते पाच ॲम्प्यूलनी होते.

कीटकनाशकाला खेड्यात 'औषध'च म्हणतात. फवारायचं तेही औषध, टोचायचं तेही औषध. फवाऱ्याचं औषध त्या कंडक्टरलाच निकामी करतं. कोणी उतरत नाही, गाडी खच्चून भरते. शर्टाला उग्र वास, डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. सिस्टर एकामागून एक ॲम्प्यूल फोडत राहते. पाच मिनिटांनी डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, काखेत हात घालून ओल बघतात. ओलच असेल तर आधीच्या दुप्पट, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. छाती मोकळी झाली, काख कोरडी झाली, नाडी ऐंशीच्या वर गेली की थांबायचं. पेशंट चादर चिमटू लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, तर रुमाल जास्त पडले. ठरलेला आकडा नाहीच. गर्दी किती, त्यावर रुमाल किती.

आणि याही उपायाला कुंपण आहे. श्वासाच्या स्नायूंवरची आसनं वेगळ्या बनावटीची, तिथं ॲट्रोपिनचा रुमाल टिकत नाही. ते स्नायू लुळे पडले की व्हेंटिलेटरच लागतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. फवारलेली सगळी औषधंही एका कुळातली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला हा उतारा लागू पडेलच असं नव्हतं.

सह्याद्री उतरून कोकणात आलं की हेच ॲट्रोपिन घातक ठरतं. लाल विंचू चावलेल्या माणसालाही आधी दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात. चित्र तेच, म्हणून पूर्वी सुई तीच उचलली जाई. पण इथलं खरं संकट मागून येतं. ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. आधीच उधळलेल्या हृदयाचा उरलासुरला ब्रेक ॲट्रोपिन काढून घेतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून त्या लोंढ्यालाच बांध घातला. ॲट्रोपिन टाळा, असं ते लिहीत राहिले. विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दवाखान्यात आजींनी कापडी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून मला वाचायला दिल्या. त्यांना दिसत नव्हतं आणि मलाही. शेवटी सिस्टरनं वाचल्या. एक सर्दीची, क्लोरफेनिरामाइनवाली. एक झोपेसाठी दिलेली, ॲमिट्रिप्टिलिन. एक लघवी सारखी लागते म्हणून, ऑक्सिब्युटिनिन. तिघींचे डॉक्टर वेगळे, आणि तिन्ही गोळ्या रुमाल टाकणाऱ्या. उतारवयात मेंदूतले निरोपे मुळातच कमी झालेले असतात. "तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही," आजी सांगत होत्या, "आणि परवा रात्री उठले तर न्हाणीघर कुठं तेच सुचेना. वयच झालं आता."

"आजी, आत जाताना ही पिशवी बरोबर न्या," सिस्टर म्हणाली. "आणि मला सांगितलंत ना, ते सगळं डॉक्टरांना सांगा."