जागलीला निघण्यापूर्वी

ज्वारी हुरड्यात आली, भुईमूग भरू लागला की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. पूर्वी गावकरी कुत्री घेऊन हाक्याने शिकारीला निघत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा आपल्या हाती राहते ती राखण, आणि तीही जिवाला जपूनच करावी.

शेतकरी बंधूंनो, जागलीला एकट्याने जाऊ नये. कोणत्या शेतात जातो ते घरी सांगून निघावे. बॅटरी, काठी आणि पायांत बूट हवेतच. बांधावरून काठी आपटत, उजेड पायांपुढे टाकत चालावे. जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्रीच हिंडते आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही. मजबूत माळा किंवा खाट आणि वर मच्छरदाणी असावी. सर्पदंश झाल्यास दोरी आवळू नये, चिरा देऊ नये; तो अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

डुक्कर दिसल्यास लांबूनच डबा वाजवावा. पिलांची मादी किंवा जखमी डुक्कर अंगावर येते. त्याची वाट अडवू नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. कुंपणाच्या तारेत लाइनीची वीज सोडू नका. रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेजारीही त्याच तारेला चिकटतो.

नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत तुडवलेले पीक हलवू नये.