पुणे राहायला चांगले? हो, पण पुण्यात कुठे?

केंद्र सरकारच्या २०१८च्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत पुणे १११ शहरांत पहिले आले. पुढच्या यादीत बंगळूरुपाठोपाठ दुसरे. नोकऱ्या, कॉलेजे, दवाखाने, बरी हवा. क्रमांक उगाच मिळाला नाही. पण यादी अख्ख्या शहराची असते, फ्लॅट एका गल्लीत घ्यावा लागतो.

२०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. हद्द कागदावर वाढते. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन मागाहून येतात. जानेवारी २०२५ मध्ये हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएस आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा याच गावांपैकी नांदेड, किरकटवाडीची नावे पुढे आली. संशय होता पिण्याच्या पाण्यावर. आणि खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर!

म्हणून घर घेताना सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी शेजारच्या सोसायटीत चौकशी करा. पाणी महापालिकेचे की टँकरचे? मे महिन्यात रोज किती टँकर लागतात? ते पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे?

नोकरी हिंजवडीत आणि घर वाघोलीत असेल, तर कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तो प्रवास एकदा करून पाहा. रविवारी एजंटाच्या गाडीतून दिसलेला रस्ता तो नव्हे.