विट्यात पाऊस कमी, मग रस्ते का उखडतात?

‘आपल्याकडं पाऊसच नाही, रस्त्याला धाड भरली काय?’ विट्यात हा सवाल नेहमीचा. ठेकेदाराला मोकळं सोडायचं कारण नाही, पण सवालाचं पहिलं अर्धं तपासून घ्यावं.

गुहागर-विजापूर महामार्ग कोयनानगरच्या सुमारे पाच हजार मिलिमीटर पावसातून निघून कराडवरून विट्याला येतो, तोवर पाऊस साधारण दहाव्या हिश्श्यावर आलेला असतो. म्हणून इथला रस्ता निर्धास्त? नाही. इथली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात भेगांत हात जातो. त्या ओढाताणीत साइडपट्टीलगत डांबराला लांबच लांब तडे पडतात आणि वळवाचा एकच झोडपा तळापर्यंत पाणी पोचवतो. वर्षाची सरासरी इथे फसवी. कोरडा काळ किती लांबला आणि एका तासात किती कोसळला, हे आकडे हवेत; मोऱ्या-गटारांचं मापही त्यावरच ठरतं.

डांबराचा वैरी फक्त पाणी, हाही गैरसमजच. अमेरिकेतल्या ‘सुपरपेव्ह’ पद्धतीच्या सूत्रात विट्याचा अक्षांश आणि ४० अंशांची हवा घातली, तर डांबराच्या पृष्ठभागाखाली २० मिलिमीटरवर सुमारे ६३ अंश निघतात. एवढ्या उन्हात उसाची भरलेली ट्रॉली संथ चालली की चाकोऱ्या पडणारच. म्हणून भारतीय मानक ७३ (२०१३) डांबराची प्रत हवेच्या सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानाशी जोडतं: ३० ते ३८ अंशांना व्हीजी-२०, ३८ ते ४५ ला व्हीजी-३०, त्यापुढे व्हीजी-४०. अवजड वाहतूक असेल तर आणखी घट्ट डांबर लागतं.

‘मग काँक्रीट करा’ हा उपायही हवामानातून सुटत नाही. दुपारी स्लॅब वरून तापतो, खालून थंड राहतो आणि वाकू पाहतो. जाडी आणि सांधे ठरवताना हा फरक धरावाच लागतो.

दुष्काळी भागात मातीचा नमुना चार दिवस भिजवून सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद, कशाला काढायचा, असंही विचारतात. पण टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून रस्त्याकडेची रानं बारमाही भिजतात. पाऊस तोच, जमिनीतली ओल वेगळी; म्हणून नमुना भिजवूनच तपासायला हवा.

आकडे मिळत नाहीत, ही सबबही चालणार नाही: पुण्यात हवामान खात्याचं कार्यालय आहे आणि महसूल मंडळांत ‘महावेध’ची हवामान केंद्रं. तुमच्या रस्त्याचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवा. त्यात डांबराची प्रत, सीबीआर आणि मोरीसाठी धरलेला पाऊस, एवढं आधी बघा.